हा रंग नव्हे

सत्तावन्न वर्षांच्या बाईला धाकटी म्हणताना जीभ जरा अडखळते, पण घरात दोनच बहिणी आणि त्यातली एक आधी जन्मलेली, म्हटल्यावर दुसरीची त्यातून जन्मभर सुटका नाही. तर ही धाकटी एका मंगळवारी सकाळी आईचा स्वेटर कापडी पिशवीत घालून कॅमेऱ्याच्या दुकानात गेली आणि काउंटरवर पिशवी ठेवून म्हणाली, की याचा रंग जसाच्या तसा येईल असा कॅमेरा दाखवा. लहानसाच हवा. फार बटणं नकोत.

दुकानदार साठीचा, चष्मा कपाळावर ठेवून तोच चष्मा शोधणारा माणूस होता. अलीकडे त्याच्याकडे लोक यायचे ते ओळखपत्राचे फोटो काढायला. पांढऱ्या पडद्यासमोर एक स्टूल, त्यावर येऊन बसायचं, हनुवटी वर, झालं. कॅमेरा मागायला कुणी आलंय म्हटल्यावर त्यानं आधी विचारलं, की बाई, तुमच्या फोनला काय झालं?

फोनला काही झालं नव्हतं. फोनचंच सगळं झालं होतं.

झालं होतं असं. मोठी बहीण, म्हणजे ताई, दोन गाड्या बदलून जावं लागतं अशा गावी राहायची. सहा वर्षांत तिचे वर्षाला दोन निरोप यायचे, दोन्ही तब्येतीचे. तिसरा निरोप आला तो गेल्या महिन्यात. ‘सुई,’ असं त्याच्या सुरुवातीला लिहिलं होतं. लहानपणी धाकटी काटकुळी होती आणि बोलायला टोचरी, म्हणून ताईनं ठेवलेलं नाव. पुढे ती खरोखरच रफूचं काम करायला लागली तेव्हा ताई म्हणाली होती, बघ, मी आधीच सांगितलं होतं. ते नाव सहा वर्षांनी वाचताना धाकटीला चष्मा पुसावा लागला.

ताईला नातीसाठी स्वेटर विणायचा होता. आईचा होता अगदी तसा, त्याच रंगाचा. तिच्या गावातला रंगारी छापलेला नमुना बघून लोकर रंगवून द्यायचा. तर आईच्या स्वेटरचा फोटो पाठव.

धाकटीनं त्याच मिनिटाला फोनवर फोटो काढून पाठवला. अर्ध्या तासात उत्तर आलं: ‘हा रंग नव्हे. फोनमध्ये सगळंच नटून दिसतं. चांगल्या कॅमेऱ्यानं काढ, छाप आणि टपालानं पाठव. आणि सूत तोडून पाठवू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे. आईच्या अंगावरचं काही तोडायचं नाही.’

सूत तोडून पाठवणं धाकटीच्या खरंच मनात आलं होतं. पण ताईनं तोडू नको म्हटल्यावर तिला मनातून बरंही वाटलं. निदान या एका बाबतीत दोघींचं एकमत होतं.

यातलं दुकानदाराला तिनं इतकंच सांगितलं, की बहिणीला पाठवायचाय आणि बहीण चिकित्सक आहे. तो म्हणाला, बहिणी असतातच. मग त्यानं एक चकचकीत लाल कॅमेरा काढला, स्वेटर काउंटरवर पसरला आणि बटण दाबणार तोच धाकटीनं त्याचा हात धरला.

“ट्यूबलाइटखाली रंग बघायचा नसतो. खिडकीशी चला.”

तिचा धंदाच तो होता. फाटलेल्या कोटाच्या रंगाचं सूत निवडायचं म्हणजे सकाळी दहा ते बारा, खिडकीत, ऊन थेट पडत नाही अशा बाजूला. तिच्याकडे कपडे घेऊन येणारी माणसं भोकाबद्दल बोलायची, आणि ते कसं पडलं याबद्दल थोडं खोटं बोलायची, पैसे द्यायची आणि जायची. रंगाबद्दल कुणी बोलायचं नाही. दुकानदार मात्र हात धरल्यावर रागावला नाही. उलट स्टूल उचलून त्यानं खिडकीशी नेलं आणि म्हणाला, चला, निदान एक गिऱ्हाईक तरी उजेड ओळखतं.

लाल कॅमेऱ्यात स्वेटर असा काही उजळला, की जणू कुणाच्या लग्नाला निघालाय. धाकटीनं मान हलवली. दुसऱ्यात तो चहात बुचकळून काढल्यासारखा आला. दुकानदार म्हणाला, थांबा, त्याला आधी पांढरं काय ते दाखवावं लागतं. पांढरं काय हे कळलं, की बाकीचे रंग तो त्यावरून ओळखतो. काही पांढरं आहे का? धाकटीनं आपला धुतलेला, घडी न मोडलेला रुमाल पुढे केला. त्यानं तो खिडकीत धरला, उलटसुलट पाहिला.

“हा पांढरा नाही, बाई. हा निळीचा आहे.”

तिनं पाहिलं. खरंच निळसर होता. वर्षानुवर्षं हा रुमाल ती पांढरा म्हणून वापरत होती. दुकानदारानं कोऱ्या कागदाचा ताव आणला, तेव्हा त्याच्याशेजारी रुमाल अगदीच उघडा पडला. धाकटीनं तो पिशवीत कोंबला आणि विषय बदलला.

तिसऱ्या, चंदेरी कॅमेऱ्यात रंग बरा होता, पण छापून पाहिलं तर विणीचे टाके एकमेकांत विरघळून गेले होते. लोकर नाही, लापशी दिसत होती. दुकानदारानं समजावलं, की आत एक बारकी पाटी असते, सेन्सर म्हणतात, ती जितकी मोठी तितकं जास्त धरून ठेवते. यातली नखाएवढी आहे. आकडे कितीही लिहिलेले असोत, नखावर किती लिहिणार?

त्या दिवशी एवढंच झालं. ती दुसऱ्या दिवशी परत गेली आणि तिसऱ्या दिवशीही. एका कॅमेऱ्यासाठी तीन खेपा खरं तर लागत नाहीत. पण तिथे गेलं की कुणीतरी विचारायचं, मग काय म्हणतोय आज स्वेटर? असा प्रश्न तिला घरात विचारणारं कुणी नव्हतं. घरात खिडकीसमोरच्या खुंटीवर स्वेटर, मेजावर लोकांच्या विजारी, शेगडीवर एका माणसाचं भांडं. आई होती तेव्हाही दोघी फार बोलायच्या असं नाही. आई शेवटची काही वर्षं बहुतेक गप्पच असायची. पण गप्प बसायलाही दुसरं माणूस लागतं. एकटीनं गप्प बसणं वेगळं.

ताईशी सहा वर्षांपूर्वी झालेलं भांडणही आईच्या या गप्पपणावरूनच होतं. आई गेली त्या आठवड्यात घरात माणसं जमलेली, आणि ताई त्यांना सांगत होती, की आई विणताना गायची, कशी मोठ्यानं हसायची, शेजारचे भिंतीवर थाप मारायचे. धाकटी स्वयंपाकघरात भांडी विसळत ऐकत होती. शेवटी हात पुसत बाहेर आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, की ही कोण बाई? तुझ्या डोक्यातली आई भलतीच कुणीतरी आहे. आई माझ्याकडे होती. तुला तिच्यातलं काही माहीत नाही. ताईनं त्याच दुपारची गाडी पकडली. जाताना आईचं काहीही मागितलं नाही, आणि धाकटीनंही काही पुढे केलं नाही.

चौथा कॅमेरा जुना होता. कुणीतरी वापरून विकलेला, काळा, कडांचा रंग झिजून खालचा धातू दिसणारा, मुठीत मावेल एवढा. दुकानदार तो काढतच नव्हता. म्हणाला, हा दिसायला गरीब आहे, आणि याचे फोटो लोकांना आवडत नाहीत. लोकांना आहे त्याहून बरं दिसायचं असतं. हा बिचारा आहे तेच दाखवतो.

त्यातून निघालेला फोटो त्यानं न चमकणाऱ्या कागदावर छापला आणि स्वेटरच्या बाहीवर ठेवला. क्षणभर धाकटीला कागद दिसेना. कडा तेवढ्या कळत होत्या. तोच धुरकट, निळ्या-हिरव्याच्या मधला रंग. टाके मोजावेत इतके सुटे. तिनं चष्मा नाकावर खाली ओढला आणि फोटो डोळ्यांजवळ नेला.

“हे काय? कोपर का दिसतंय?”

“कोपर आहे म्हणून.”

“तसं नाही. माझा रफू दिसतोय.”

स्वेटरचं डावं कोपर नऊ वर्षांपूर्वी विरलं होतं, तेव्हा धाकटीनं ते भरलं होतं. तिचा रफू दिसत नाही हीच तिची ख्याती होती. गिऱ्हाइकं स्वतःच विचारायची, बाई, भोक कुठे होतं हो? आणि हा झिजका डबा तो सरळ दाखवत होता, प्रत्येक टाका किंचित आडवा. तिला राग आला आणि त्याच क्षणी तिनं ठरवलं. जो तिचा रफू पकडतो, तो तिच्याशी खोटं बोलणार नाही. तिनं तोच कॅमेरा घेतला. दुकानदारानं चार्जर आणि एक जुनी चामड्याची पिशवी वर दिली, कॅमेऱ्याला थंडी वाजू नये म्हणून, असं म्हणाला.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला, पांढऱ्या कागदाशेजारी स्वेटर ठेवून, तिनं बावीस फोटो काढले. त्यातला एक छापून घेतला आणि दोन पुठ्ठ्यांत दाबून टपालात टाकला. पाकिटात चिठ्ठी घालावी असं तिला फार वाटलं. ‘घे, हाच रंग’ एवढं लिहिलं आणि ते उद्धट दिसतं म्हणून काढून टाकलं.

अकरा दिवस गेले. या अकरा दिवसांत तिनं एका वकिलाचा कोट, दोन शाली आणि कुणाच्या तरी आवडत्या विजारीचा गुडघा भरला, आणि फोन वाजला की सुई टोचून घेतली. मनात तिनं पुढचंही रचून ठेवलं होतं. ताई लिहील, हाच. मग ती लिहील, वीण कशी घालणार आहेस? मग ताई सांगेल. मग नातीचं माप येईल. मग कदाचित नात.

बाराव्या दिवशी निरोप आला. ‘फोटो मिळाला. टाके स्पष्ट आहेत. पण हा रंग नव्हे. आईचा स्वेटर गर्द मोरपंखी होता. तुला आठवत नसेल.’

तुला आठवत नसेल. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट तिला आठवत नसेल! तिनं एक उत्तर लिहिलं, ते पुसलं. दुसरं त्याहून लांब लिहिलं, तेही पुसलं. ते पाठवलं असतं तर पुढचा असा निरोप यायला आणखी सहा वर्षं लागली असती, आणि दोघींपैकी एकीकडे तरी तेवढी होती की नाही कुणास ठाऊक.

सकाळी ती कॅमेरा परत करायला निघाली. भांडण कुणाशी तरी करायला हवंच होतं.

दुकानदार शिडीवर चढून भिंतीवरची मोठी तसबीर उतरवत होता. एका तळ्याचा फोटो, त्यानं तरुणपणी काढलेला, दुकानाची शान म्हणून लावलेला. काच तडकली होती. धाकटीनं काउंटरवर कॅमेरा, फोटो आणि स्वेटर ओळीनं मांडले आणि सांगितलं, की रंग चुकलाय. तो खाली उतरला. फोटो स्वेटरवर ठेवला. पुन्हा कागद दिसेनासा झाला.

“यापेक्षा खरं मला काढता यायचं नाही, बाई.”

“मग काय माझी बहीण खोटं बोलते?”

तो म्हणाला, की बहिणीच्या बाबतीत तो बोलणार नाही, त्यालाही तीन आहेत. आणि तो परत आपल्या तसबिरीकडे वळला. चौकटीचे खिळे काढले, काच बाजूला केली, फोटोभोवतीचा जाड पुठ्ठा उचलला आणि तोंडानं चुकचुकला. तळं फिकट निळं पडलं होतं, जणू साबणाचं पाणी. पण पुठ्ठ्यानं झाकलेल्या कडेला, चारी बाजूंनी बोटभर रुंदीची झाडं होती, गर्द हिरवी, मधेच लालसर पानं. तो पुटपुटत होता, की या भिंतीवर दुपारचं ऊन येतं हे आपल्याला ठाऊक होतं, तरी समोर हवा म्हणून इथेच लावला, आणि बघता बघता...

धाकटी त्या बोटभर कडेकडे बघत उभी राहिली. तिच्या धंद्यात पहिली गोष्ट ही. कोट हातात आला की आधी तो उलटायचा, शिवणीच्या आत बघायचं, कारण कापड मुळात काय होतं ते तिथेच राहिलेलं असतं. तीस वर्षांत तिनं हजार लोकांचे कपडे असे उलटून पाहिले होते. आईचा कधीच नाही. तो काही कामाला आलेला नव्हता.

तिनं स्वेटर पिशवीत भरला आणि निघाली. दुकानदारानं मागून हाक मारली, की कॅमेरा परत करताय की विसरताय? ती परत फिरली, कॅमेरा उचलला आणि गेली.

स्वेटरला एकच खिसा होता, डाव्या बाजूला, रुमालापुरता. तो मुळातला नव्हता. ताई घर सोडून गेली त्या वर्षी आई म्हणाली होती, मला एक खिसा पाहिजे. रुमाल हातात धरून बसायचा कंटाळा आलाय. उरलेल्या लोकरीतून तिनं तो विणला आणि धाकटीनं लावून दिला. रफूच्या कामातलं तिचं ते पहिलंच वर्ष. आईला रुमाल एवढा का लागतो हे तेव्हा तिनं विचारलं नव्हतं.

खिडकीशी बसून तिनं बारक्या कात्रीनं खिशाचे टाके उसवले. लोकरीचं एकही सूत तुटलं नाही, तुटला तो फक्त तिचा दोरा. तीन बाजू सुटल्यावर खिसा पानासारखा उलटला.

खाली गर्द मोरपंखी चौकोन होता.

इतका गर्द, की आजूबाजूचा सगळा स्वेटर एकदम म्हातारा दिसायला लागला. धाकटीनं हात मांडीवर ठेवले. हा रंग तिनं पाहिला होता. म्हणजे पाहिला असणारच, ती याच घरात होती. विणताना गाणारी, शेजाऱ्यांना भिंत ठोकायला लावणारी बाई याच रंगाच्या आत होती आणि धाकटी तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीसची असणार, बहिरी नव्हती. पण रोज पाहिलं की कालचं आजच्याखाली जातं. ताईनं शेवटचं पाहिलं ते हे, आणि तिच्याकडे ते खिशाखाली राहिल्यासारखं तसंच राहिलं. आणि आई गेल्यावर स्वेटर खिडकीसमोर टांगला कुणी? डोळ्यांसमोर हवा म्हणून धाकटीनंच. उरलासुरला रंग सहा वर्षं उन्हाला दिला तोही तिनंच.

साडेअकरा झाले होते, उजेड चांगला होता. तिनं पांढरा कागद ठेवला आणि एकच फोटो काढला, अर्धा खिसा उलटलेला, दोन्ही रंग शेजारी शेजारी. काळ्या डब्यानं काही सावरून घेतलं नाही.

फोटो छापून देताना दुकानदारानं तो बराच वेळ बघितला. मग तिनं न मागता त्यानं दोन पुठ्ठे कापून दिले. फोटोच्या मागे काय लिहायचं यात तिचा अख्खा दिवस गेला. आधी तिनं आईच्या शेवटच्या वर्षांबद्दल लिहिलं, मग तिच्या रुमालाबद्दल, मग ते सगळं नको वाटलं. शेवटी तिनं लिहिलं: ‘खिसा उसवला. तुझं बरोबर होतं. त्या दिवशीही.’ आणि पुसायच्या आत पाकीट चिकटवलं.

या वेळी तिनं पुढचं काही रचलं नाही. खिसाही परत लावला नाही. स्वेटर खुंटीवर तसाच होता, छातीशी चौकोन घेऊन, आणि तिला खोलीत येता-जाता त्याच्याकडे बघायचा संकोच वाटायचा, एखाद्याचं पत्र उघडं पडलंय असा.

नवव्या दिवशी ती एका शालीचं सूत जुळवत होती तेव्हा फोन वाजला.

‘हाच.’

एवढंच. धाकटीनं शाल बाजूला ठेवली. थोड्या वेळानं दुसरा आला: ‘बाकीचा एवढा विटला कधी?’

तिनं लिहिलं, ‘रोज थोडा. माझ्या डोळ्यांसमोर. म्हणून दिसला नाही.’ आणि या वेळी पुसलं नाही.

तिनं शाल उचलली, सूत ओवलं, चुकीचं ओवलं, काढलं. ताई आपल्या घरात कुठल्या खोलीत बसली असेल, खिडकीशी की दिव्याखाली, हे तिला माहीत नव्हतं. ती त्या घरी कधी गेलीच नव्हती. मग फोन पुन्हा वाजला.

‘सुई, आधीचा फोटो मी रागानं फाडून टाकला. तो परत पाठव. कोपर दिसत होतं तोच. तुझा रफू ओळखला मी.’

तिनं तो निरोप दोनदा वाचला आणि कॅमेरा चामड्याच्या पिशवीतून काढला. कोपराचा फोटो त्यात होता. छापायलाच काय तो दुकानात जावं लागणार होतं, आणि आज रविवार, दुकान बंद. सांगायला दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा तिनं स्वेटर खुंटीवरून काढला, खिडकीशी बसली आणि खिसा हातात घेतला. टाके या वेळी तिनं लांब लांब घातले, पुन्हा उसवायला सोपे जातील असे.